ऱ्हाइनच्या घळीत: नदी, उतार आणि किल्ले

नदी डोंगराला वळसा घालून जाते, असे आपण वर्गात सांगतो. वाट सोपी असेल तिकडे पाणी वाहणार, हे विद्यार्थ्यांना सहज पटते. पण युरोपचा प्राकृतिक नकाशा उघडून जर्मनीतील ऱ्हाइन नदीवर बोट ठेवले, तर एक विचित्र गोष्ट दिसते. आल्प्स पर्वतातून निघालेली ही नदी जर्मनीच्या दक्षिण भागात एका रुंद, सपाट खोऱ्यातून उत्तरेकडे येते. माइन्झ शहराजवळ डोंगर आडवा येतो. नदी पश्चिमेकडे वळते आणि डोंगराच्या पायथ्याने सुमारे ३० किलोमीटर जाते. इथपर्यंत सारे आपल्या नियमाप्रमाणे चालले आहे. पण बिंगेन या गावाशी ती अचानक उजवीकडे वळते आणि सरळ डोंगरातच शिरते! तिथून कोब्लेन्झ शहरापर्यंत सुमारे ६५ किलोमीटर ती एका अरुंद, खोल घळीतून वाहते.

या घळीच्या दोन्ही काठांवर चाळीसेक किल्ले आणि गढ्या आहेत, साठेक लहान गावे आहेत आणि उभ्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. २००२ साली युनेस्कोने या पट्ट्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. प्रवासी येतात, बोटीत बसून किल्ले मोजतात, वरच्या पॉइंटांवरून छायाचित्रे काढतात. आपणही या लेखात त्याच ठिकाणांची सहल करणार आहोत. मात्र प्रत्येक ठिकाणी आपण एक प्रश्न बरोबर ठेवू: ही गोष्ट इथेच का? मळा याच काठावर का, किल्ला याच कड्यावर का, बाजारपेठ याच गावात का?

नदी आधी, डोंगर नंतर

पहिला प्रश्न अर्थातच नदीचा. ती डोंगरात शिरली कशी?

उत्तर असे, की ती डोंगरात शिरलीच नाही. डोंगर तिच्याखालून वर आला. हा सारा भाग मुख्यतः स्लेट आणि क्वार्ट्झाइट या खडकांचा आहे. स्लेट म्हणजे पूर्वी आपल्या शाळेतील पाटी ज्या दगडाची असे तो दगड. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला चिखल आणि वाळू दाबली जाऊन हे खडक बनले. पुढे फार नंतरच्या काळात, जमीन बरीच सखल असताना, तिच्यावरून ऱ्हाइन वाहू लागली. मग हा सारा प्रदेश सावकाश उचलला जाऊ लागला. गेल्या काही लाख वर्षांत हे उचलणे विशेष वाढले. जमीन जितकी वर येई तितकी नदी तिला कापत जाई. लाकडाचा ओंडका करवतीवर खालून वर दाबला तर करवत जागची न हलता ओंडका चिरला जातो, तसेच हे झाले. अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा हिमालयातून आरपार कशा जातात हे शिकवताना आपण हेच स्पष्टीकरण देतो.

याला पुरावा काय? घळीच्या वरच्या कडेला, आजच्या पात्रापासून कितीतरी उंचावर, नदीतल्यासारखे गोल गुळगुळीत गोटे सापडतात. गोटे वाहत्या पाण्यातच गोल होतात. म्हणजे कधीकाळी नदीचे पात्र त्या उंचीवर होते. आज तेथून खाली पाहिले तर नदी सुमारे २०० मीटर खोल दिसते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातून निघतात.

पहिला थांबा: निडरवाल्ड

बिंगेनच्या समोर, नदीच्या उजव्या काठावर रूडेसहाइम हे गाव आहे. (नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे आपल्या उजव्या हाताला येतो तो उजवा काठ.) गावातून रोपवेने द्राक्षमळ्यांच्या डोक्यावरून वर जाता येते. वर निडरवाल्डचे स्मारक आहे. १८७१ साली जर्मन राज्यांचे एकीकरण झाले, त्याची आठवण म्हणून ते उभारले आणि १८८३ साली त्याचे उद्घाटन झाले. स्मारक ३८ मीटर उंच आहे. पण आपण त्याच्याकडे पाठ करून खाली पाहू.

समोर नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आहे. म्हणून आपण उभे आहोत तो उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, आणि तो वरपासून खालपर्यंत द्राक्षांनी भरलेला आहे. नदी पुढे घळीत शिरून वायव्येकडे वळते. तिथे उत्तरेकडे तोंड असलेले उतार दिसू लागतात, आणि त्यांच्यावर जंगल आहे. खडक तोच, पाऊस तोच, माणसेही तीच. मग एका बाजूला मळा आणि दुसरीकडे झाडी का?

याचे उत्तर दहावीच्या त्रिकोणमितीत आहे. जमिनीच्या एक चौरस मीटर तुकड्यावर किती ऊन पडते, हे सूर्यकिरण त्या तुकड्याशी किती अंशांचा कोन करतात यावर ठरते. किरण सरळ, म्हणजे ९० अंशांत पडले तर ऊन पूर्ण. कोन कमी झाला की तेच ऊन जास्त जागेवर पसरते आणि पातळ होते. प्रमाण त्या कोनाच्या साइनइतके असते.

हा प्रदेश ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवर असतो. सपाट जमिनीवर ऊन साइन ४०, म्हणजे ०.६४. आता दक्षिणेकडे ३० अंश कललेला उतार घेऊ. त्याच्याशी किरणांचा कोन ४० अधिक ३०, म्हणजे ७० अंश होतो. साइन ७० म्हणजे ०.९४. उत्तरेकडे ३० अंश कललेल्या उतारावर कोन उरतो फक्त १० अंश. साइन १० म्हणजे ०.१७. समोरासमोरच्या दोन उतारांत सुमारे साडेपाच पटींचा फरक! वर्षातील तीन दिवसांचे भर दुपारचे आकडे पुढे देत आहोत.

२१ जून (सूर्य ६३.५ अंशांवर): सपाट जमीन ०.८९, दक्षिण उतार १.००, उत्तर उतार ०.५५
२३ सप्टेंबर (सूर्य ४० अंशांवर): सपाट जमीन ०.६४, दक्षिण उतार ०.९४, उत्तर उतार ०.१७
२२ ऑक्टोबर (सूर्य २९ अंशांवर): सपाट जमीन ०.४८, दक्षिण उतार ०.८६, उत्तर उतार ०

हे आकडे नीट पाहावेत. जूनमध्ये दक्षिण उताराचा सपाट जमिनीवर फारसा वरचढपणा नाही. सप्टेंबरमध्ये तो दीडपट होतो, ऑक्टोबरमध्ये पावणेदोन पटींच्या वर जातो. आणि द्राक्षे पिकतात ती नेमकी याच दोन महिन्यांत. इथले मुख्य वाण रीसलिंग. ते उशिरा पिकते, म्हणून शरद ऋतूतल्या उन्हावर त्याचे सारे अवलंबून असते. त्याच ऑक्टोबरात समोरच्या ३० अंशांच्या उत्तर उतारावर भर दुपारीही सूर्य थेट पोहोचत नाही. तिथे वेल लावून उपयोग काय?

आता एक गंमत पाहू. आपले नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरच्या त्या दिवशी नाशिकच्या सपाट शेतावर भर दुपारी किरणांचा कोन किती? ९० वजा २०, म्हणजे ७० अंश. ऱ्हाइनकाठच्या ३० अंशांच्या उतारावरही ७० अंशच! नाशिकच्या शेतकऱ्याला जे ऊन सपाट रानात मिळते, त्याच्या जवळ जाण्यासाठी तिथल्या शेतकऱ्याला डोंगरावर चढावे लागते. अर्थात दोन्ही ठिकाणचे ऊन अगदी सारखे नसते. ५० अंशांवर किरण हवेच्या जाड थरातून तिरपे येतात, त्यामुळे वाटेत थोडी ऊर्जा कमी होते. पण उतार का हवा, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

उन्हाला आणखी दोन साथीदार आहेत. एक म्हणजे पाटीचा काळसर दगड. मळ्यांत मातीपेक्षा या दगडाच्या चिपाच जास्त दिसतात. त्या दिवसा तापतात आणि संध्याकाळनंतर ऊब सोडत राहतात. पावसाचे पाणीही त्यांच्यातून झटकन निचरून जाते. दुसरी म्हणजे नदी. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे काठाची हवा एकदम गारठत नाही. शिवाय रात्रीची थंड, जड हवा उतारावर न थांबता खाली सरकते.

बिंगेनचा खडक आणि बाखाराखची पेठ

निडरवाल्डवरून खाली घळीच्या तोंडाशी एका लहान बेटावर मनोरा दिसतो. त्याला उंदरांचा मनोरा म्हणतात. दुष्काळात गरिबांना धान्य न देणाऱ्या हाटो नावाच्या आर्चबिशपला इथे उंदरांनी खाल्ले, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात हा मध्ययुगातील जकातीचा पहारा होता. अभ्यासक या नावाचा संबंध जकात किंवा टेहळणी या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दांशी जोडतात. मूळ शब्दाचा विसर पडला, त्यासारखा ऐकू येणारा ‘उंदीर’ शब्द राहिला आणि त्याभोवती गोष्ट तयार झाली, असे दिसते.

पण पहारा इथेच का? कारण इथे क्वार्ट्झाइटची एक कठीण रांग नदीच्या पात्रातून आडवी जाते. स्लेट झिजली, हा खडक तितका झिजला नाही. पाण्यात जणू एक उंबरठाच राहिला. मध्ययुगात त्याच्यातून जेमतेम लहान होड्या जात. एकोणिसाव्या शतकात, १८३० नंतर, प्रशियाने सुरुंग लावून वाट रुंद केली. पुढे विसाव्या शतकातही ते काम चालू राहिले.

या उंबरठ्याचे फळ काही किलोमीटर खाली, डाव्या काठावरच्या बाखाराख या गावाला मिळाले. वरच्या भागातील वाइनची पिंपे लहान होड्यांतून खडक ओलांडून बाखाराखला येत आणि तिथे मोठ्या जहाजांवर चढत. माल जिथे एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो तिथे पेठ वसते, हा व्यापाराचा जुना नियम आहे. गावामागच्या मळ्यांतून थोडे चढले की तटाच्या एका मनोऱ्यावरून सारे गाव दिसते: लाकडी चौकटींची घरे, पाटीच्या दगडाची छपरे, छप्पर नसलेले एक गॉथिक प्रार्थनामंदिर आणि वर श्टालेक किल्ला. १६८९ साली फ्रान्सच्या राजाच्या, चौदाव्या लुईच्या फौजेने हा किल्ला सुरुंगाने उडवला, तेव्हा खालच्या या मंदिराचीही मोडतोड झाली. विसाव्या शतकात किल्ला पुन्हा बांधला गेला आणि तिथे युवकांसाठी वसतिगृह झाले. शाळांच्या सहली तिथे मुक्काम करतात.

जकातीचे किल्ले

आणखी थोडे खाली उजव्या काठावर काउब गाव लागते. त्याच्यासमोर नदीच्या मध्यावर, पाण्यातून वर आल्यासारखा एक पांढरा किल्ला उभा आहे. त्याचे नाव फाल्झग्राफेनश्टाइन. बव्हेरियाच्या राजा लुडविगने १३२६-२७ च्या सुमारास याचे काम सुरू केले. किल्ला म्हणजे बंदोबस्ताचा जकातनाका. नदीत साखळी टाकायची, जहाज अडवायचे, पैसे घ्यायचे आणि सोडायचे. किल्ल्याचे प्रवाहाच्या वरच्या दिशेचे टोक नावेच्या नाळेसारखे निमुळते आहे. हिवाळ्यात वाहून येणारे बर्फाचे तुकडे आणि पुराचे पाणी त्यामुळे दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते.

आता घळीतल्या इतर किल्ल्यांकडे पाहू. आपले सह्याद्रीतले बहुतेक गड डोंगराच्या माथ्यावर आहेत. इथले किल्ले मात्र अगदी माथ्यावर नसून थोडे खाली, नदीकडे पुढे आलेल्या सोंडेवर आहेत. ही सोंड कशी झाली? मुख्य नदी खोल गेली की तिला मिळणारे ओढेही खोल कापत जातात. ओढा आणि नदी यांच्या बेचक्यात खडकाचे एक नाक उरते. त्याच्या तीन बाजूंना आपोआप कडा असतो. चौथी बाजू डोंगराकडची. तिथे खंदक खणला आणि एक जाड भिंत उभी केली, की काम झाले. शिवाय इथून नदी जवळ. येणारे जहाज दिसते आणि त्यावरच्या माणसांना किल्लाही दिसतो. जकात वसूल करायची तर धाक दिसावा लागतो!

सांक्ट गोआर गावावरचा ऱ्हाइनफेल्स हा याचा चांगला नमुना आहे. काट्झेनएल्नबोगेनच्या सरदाराने १२४५ साली तो बांधला. जकातीचा जाच इतका वाढला, की १२५४ साली ऱ्हाइनकाठच्या शहरांनी आपला संघ स्थापन केला. दुसऱ्याच वर्षी शहरांच्या फौजेने ऱ्हाइनफेल्सला वेढा घातला, पण वर्षभर झुंजूनही किल्ला पडला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस साऱ्या ऱ्हाइनवर मिळून चाळीसच्या वर जकातनाके होते. एकच पिंप किती वेळा पैसे भरत असेल, आणि शेवटी ते विकत घेणाऱ्याला केवढ्याला पडत असेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांना करायला द्यावा.

हे नाके गेले कसे? तोफांनी किल्ले पडले, पण जकात गेली ती करारांनी. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाइनवरच्या वाहतुकीसाठी काठावरच्या देशांचा एक आयोग नेमण्याचे ठरले. १८१६ साली त्याची पहिली बैठक झाली. हा आयोग आजही काम करतो. १८६८ च्या मानहाइम कराराने नदीवरची वाहतूक मोकळी झाली.

त्याच सुमाराला किल्ल्यांचा अर्थही बदलला. १८२७ पासून कोलोन आणि माइन्झ यांच्यामध्ये प्रवासी आगबोटी नियमित धावू लागल्या आणि पडके किल्ले पाहायला माणसे येऊ लागली. राजघराण्यातील मंडळींनी काही अवशेष विकत घेऊन पुन्हा बांधले. ऱ्हाइनश्टाइन आणि श्टोल्झेनफेल्स हे त्यांपैकी दोन. म्हणून बोटीतून दिसणारा ‘मध्ययुगीन’ बुरूज पुष्कळदा एकोणिसाव्या शतकातला असतो, हे लक्षात ठेवावे.

लोरेलाय: कडा आणि कथा

सांक्ट गोआरच्या थोडे अलीकडे, उजव्या काठावर लोरेलायचा कडा आहे. पाण्यापासून उंची १३२ मीटर. ‘लाय’ म्हणजे तिथल्या जुन्या बोलीत पाटीचा खडक. वरून पाहिले की नदी इथे किती आवळली आहे ते कळते. एका वेळी जितके पाणी येते तितके पुढे जायलाच हवे. पात्र अरुंद झाले, तर पाण्याला वेग वाढवावा लागतो किंवा तळ खोल करावा लागतो. इथे दोन्ही झाले आहे. पात्र वीस मीटरहून अधिक खोल आहे, प्रवाह जोराचा आहे, त्यात तीव्र वळण आणि जवळपास बुडलेले खडक. वळणावर पाणी बाहेरच्या काठाकडे रेटते, आणि जहाजही त्याच्याबरोबर.

कड्यावर बसून गाणारी सुंदरी नावाड्यांना भुलवते आणि नावा फुटतात, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. ती फार पुरातन असावी असे वाटते. पण ती क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने १८०१ साली रचली आणि हाइनेच्या १८२४ च्या कवितेने जगभर नेली. कथा नवी, धोका मात्र जुना आणि खराही. १३ जानेवारी २०११ रोजी सल्फ्युरिक ॲसिड नेणारे ‘वाल्डहोफ’ हे जहाज इथेच उलटले आणि दोन खलाशांचा जीव गेला. आजही ओबरवेसेल ते सांक्ट गोआर या टप्प्यात समोरून कोण येते आहे हे वळणाआड दिसत नाही, म्हणून काठावरचे दिव्यांचे सिग्नल पाहून जहाजे जातात.

बोपार्ड: चार तळी

बोपार्डला रोमन लोकांचा चौथ्या शतकातला कोट होता. त्याला २८ बुरूज होते. तटाचा बराच भाग अजून उभा आहे. गावाजवळून चेअरलिफ्टने वर गेले की दोन प्रसिद्ध पॉइंट लागतात. एकावरून नदीचे या घळीतले सर्वांत मोठे वळण, घोड्याच्या नालासारखे, पूर्ण दिसते. दुसऱ्याचे नाव ‘चार तळ्यांचा देखावा’. तिथून नदी दिसतच नाही. दिसतात चार वेगवेगळी तळी!

खाली तळे एकही नाही. नदी वळणे घेत जाते आणि मधल्या टेकड्या तिचा काही काही भाग आपल्या नजरेआड करतात. उरलेले चार तुकडे सुटे दिसतात. आपला डोळा जे पाहतो आणि जमिनीवर जे असते, यांत फरक कसा पडतो, हे शिकवायला याहून चांगले ठिकाण सापडणे कठीण.

इथे आणखी एक गोष्ट तपासता येते. निडरवाल्डला मळे उजव्या काठावर होते. बोपार्डच्या वळणावर नदी काही अंतर पूर्वेकडे वाहते, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड करणारा उतार डाव्या काठावर येतो. आपला हिशेब बरोबर असेल, तर इथे मळे डाव्या काठावर असायला हवेत. आणि तसे ते आहेत. घळीतल्या द्राक्षमळ्यांचा एक मोठा सलग पट्टा याच उतारावर आहे.

कोब्लेन्झकडे

पुढे ब्राउबाख गावावर मार्क्सबुर्ग आहे. घळीतल्या डोंगरी किल्ल्यांपैकी हा कधीच उद्ध्वस्त झाला नाही, म्हणून मध्ययुगीन किल्ल्यातील स्वयंपाकघर, तबेला, बुरूज कसे असत हे पाहायचे तर इथे यावे. शेवटी कोब्लेन्झ. रोमनांनी या जागेला ‘संगम’ अशा अर्थाचे नाव दिले होते, त्यावरूनच आजचे नाव आले. इथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते. समोरच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावरून संगम पाहावा. प्रशियाने १८१७ ते १८२८ या काळात हा किल्ला नव्याने बांधला, तो जकातीसाठी नव्हे, तर दोन्ही नद्यांवर नजर ठेवण्यासाठी. नदीपासून तो ११८ मीटर उंच आहे.

एक गोष्ट एव्हाना लक्षात आली असेल. साऱ्या वाटेत पूल एकही लागला नाही. माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत सुमारे ८० किलोमीटर ऱ्हाइनवर आज वाहतुकीचा पूल नाही; माणसे आणि गाड्या फेरीबोटीने पलीकडे जातात. दोन्ही काठांना रस्ता आणि रेल्वे मात्र आहे. घळ अरुंद असल्यामुळे नदी, रस्ता, रूळ आणि घरे अक्षरशः खेटून आहेत, आणि मालगाड्यांचा आवाज दोन्ही कड्यांवर आपटत राहतो. तो इथल्या गावांचा रोजचा त्रास आहे.

देखावा राखणारे हात

वरून पाहताना असे वाटते, की किल्ले माणसाने बांधले आणि बाकीचा देखावा निसर्गाचा. हा समज खरा नाही. उभ्या उतारावर माती धरून ठेवायची तर दगडावर दगड रचून ताली घालाव्या लागतात. चुना नाही, सिमेंट नाही. अशा ताली इथे पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्या. एक ढासळली तर वरची माती खाली येते, म्हणून दरवर्षी डागडुजी करावी लागते. मोठा ट्रॅक्टर या उतारावर चालत नाही. छाटणी आणि तोडणी पुष्कळशी हातानेच होते. ओझे नेण्यासाठी काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी गाडी असते. सपाट मळ्याच्या कित्येक पट मजुरी इथे लागते, पण बाजारात बाटलीला तितक्या पट भाव मिळतोच असे नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. मिटलऱ्हाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साऱ्या द्राक्षपट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २००० हेक्टरच्या वर मळे होते. आज ते ५०० हेक्टरपेक्षाही कमी आहेत. सोडून दिलेल्या मळ्यात काही वर्षांतच काटेरी झुडपे माजतात, मग झाडे येतात. ताली आतून उकलतात. दगडांच्या सापटीत राहणाऱ्या आणि उन्हावर जगणाऱ्या पाली, उघड्या खडकाळ उतारावरचे पक्षी, फुलपाखरे यांची जागा जाते. घळीला तिचे रूप देणारा उताराचा तो पट्टाच हळूहळू दिसेनासा होतो. जंगल वाढणे एरवी आपण चांगलेच मानतो. पण इथे काही जीव माणसाच्या श्रमांच्या आधाराने टिकले आहेत आणि ते श्रम थांबले की तेही जातात. वारसास्थळ असा दर्जा मिळाला म्हणून ताल आपोआप रचली जात नाही. ती रचणारा माणूस उतारावर राहायला हवा.

दुसरी काळजी पाण्याची आहे. काउबला नदीची पातळी मोजणारी पट्टी आहे. या भागात पात्र उथळ असल्याने, ऱ्हाइनवरून जाणाऱ्या जहाजात किती माल भरायचा हे तिच्यावर पाहून ठरवतात. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही पातळी सुमारे २५ सेंटिमीटरवर उतरली. (पट्टीचे शून्य नदीच्या तळाशी नसते, जहाजांच्या वाटेत याहून अधिक पाणी असते.) २०२२ च्या ऑगस्टमध्येही ती ४० सेंटिमीटरच्या खाली गेली होती. तेव्हा जहाजे अर्धीमुर्धी भरून जात होती, आणि बिंगेनजवळ माणसे कोरड्या पात्रातून चालत उंदरांच्या मनोऱ्यापर्यंत जात होती. ज्या खडकांमुळे एकेकाळी बाखाराखला पेठ वसली, त्यांचीच चिंता आज कारखानदारांना करावी लागते. नदीचा हिशेब अजून संपलेला नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. चौकटींचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर विजेरी ४० अंशांत तिरपी धरून पुठ्ठ्यावर प्रकाश पाडावा. पुठ्ठा आधी आडवा ठेवून, मग विजेरीकडे ३० अंश उचलून, आणि शेवटी उलट बाजूला ३० अंश कलवून प्रत्येक वेळी किती चौकटी उजळतात ते मोजावे. विजेरीचे अंतर बदलू देऊ नये. चौकटी जितक्या जास्त, तितका प्रत्येक चौकटीच्या वाट्याला प्रकाश कमी. आलेले आकडे साइनच्या कोष्टकाशी ताडून पाहावेत.

२. दोन ताटल्यांत सारखी माती घ्यावी. एकीवर जुन्या पाटीचे किंवा काळ्या दगडाचे तुकडे पसरावेत, दुसरी तशीच ठेवावी. दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी दर अर्ध्या तासाने दोन्हींचे तापमान घ्यावे आणि आलेख काढावा.

३. टेबलावर निळी दोरी वळणे देऊन पसरावी, मधूनमधून पुस्तके उभी करावीत. डोळा टेबलाच्या थोडा वर ठेवून दोरीचे किती सुटे तुकडे दिसतात ते मोजावे; मग उभे राहून वरून पाहावे.

४. आपल्या गावाजवळच्या टेकडीवर किंवा गडावर विद्यार्थ्यांना न्यावे. होकायंत्र लावून कोणता उतार कोणत्या दिशेला आहे ते नोंदवावे. शेत कुठे, झाडी कुठे, वस्ती कुठे, ओढा कुठे मिळतो, पडीक रान कुठे आहे, हे साध्या नकाशावर काढावे आणि प्रत्येकापुढे ‘इथेच का?’ असे लिहून ठेवावे. काही उत्तरे त्याच दिवशी मिळतील. काहींसाठी गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांना विचारावे लागेल. त्यांनाही जरूर बोलवावे.